चौघांच्या मळ्यातले वाटे

रविवारी सकाळी मळ्यातली भाजी काढून झाली की मला ठरलेलं एकच काम देतात. वाकून गवार तोडायला गुडघे तयार नाहीत, पाट्या उचलायला डॉक्टरांनी बंदी केली आहे, आणि नुसतं बसून राहणं माझ्या स्वभावात नाही. तेव्हा मी आपली मेंदीच्या कुंपणाकडे तोंड आणि भाजीच्या ढिगांकडे पाठ करून उभी राहते. मागे कुणीतरी एका ढिगावर बोट ठेवून विचारतं, "हा कुणाचा?" आणि मी मनात येईल ते नाव घेते. ज्याचं नाव निघेल त्याने तो वाटा उचलायचा आणि कुरकुर करायची नाही. परकरातली पोर होते तेव्हाही मी हेच काम करत होते, म्हणजे एवढ्या आयुष्यात माझी बढती काही झाली नाही. ईशा, माझी नात, म्हणते, "आजी, तू आपली लकी ड्रॉची मशीन आहेस." तिला मराठी फर्डं बोलता येतं, पण वाचायला दिलं की प्रत्येक जोडाक्षरापाशी गाडी थांबते. हे लिहिलेलंही तिला मीच वाचून दाखवणार आहे, आणि मध्ये मध्ये फोनकडे बघितलं तर टपली मारणार आहे.

नारायणगुड्यात आमच्या दोन खोल्या होत्या आणि एक सज्जा. खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. तिथला म्हातारा सकाळपासून कुठल्या ना कुठल्या मशीनचं चाक फिरवून बघायचा, त्यामुळे आमच्या घरातली सगळी बोलणी, माझं पाठांतर, देवाची आरतीसुद्धा त्या खडखडीवर चाले. बाबा वीज खात्यात कारकून. आई बीदरकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची. तिच्या माहेरी भाजी विकत आणायची वेळ फक्त आजारपणात किंवा भांडणात येई. लग्न होऊन ती या सज्ज्यात आली, आणि खाली भाजीची बंडी, म्हणजे हातगाडी, आली की टोपली दोरीने सोडायची, वर ओढून घ्यायची, वांगं दाबून बघायचं आणि सुस्कारा टाकायचा, एवढंच तिचं शेत उरलं. बाबा सांगायचे, "तुझी आई इथे आली तेव्हा दिवसभरात दहा वाक्यं बोलत नव्हती." मला ती न बोलणारी आई अगदी अंधुक आठवते. पाठीला पाठ लावून बसावं तशी ती भिंतीला टेकून बसलेली, आणि हातात निवडायला घेतलेली मेथी तशीच. ती मेथी मला अजून दिसते.

मग मळा आला. जमीन कशी मिळाली ही गोष्ट बाबा दरवेळी वेगळी सांगत, म्हणून ती मी इथे सांगतच नाही. खरं एवढंच, की उप्पलच्या पुढे, जिथे तेव्हा बस संपायची आणि पुढे बाभळी सुरू व्हायच्या, तिथे चार घरांनी मिळून एकरभर जमीन घेतली. कागदावर चारही नावं एकत्र, आणि कुणाचा तुकडा कुठला हे कुठेच नाही. एक घर आमचं. दुसरं नरहरीकाकांचं; ते जामबागेत राहायचे, शाळेत भूमिती शिकवायचे, बाबांचे दोस्त. तिसरं गौसचाचांचं, बेगम बाजारात त्यांचं सुतळी, दोरखंड आणि टोपल्यांचं दुकान होतं. आणि चौथी यादम्मा. ती तिथल्याच वस्तीत राहायची, दोन मुलगे, नवरा नव्हता, आणि आवाज असा की बस थांब्यावर उतरलो की मळ्यात ती कुणाला झापते आहे ते ऐकू यायचं. मास्तर, कारकून, दुकानदार आणि यादम्मा, सगळ्यांनी रविवारी मातीत हात घालायचा. बाकीचे दिवस यादम्मा आणि तिची मुलं पाणी बघायची, म्हणून अंबाडी आणि पेरूची बाजारात होणारी विक्री तिची. या गोष्टीवरून मी कधी कुणाचं वाजलेलं ऐकलं नाही.

रविवारी आई पहाटे भाकरी थापायला बसायची. ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी, कांदा, आणि डब्यात घट्ट पिठलं. खालचं दुकान रविवारी बंद, त्यामुळे भाकरीवर पडणाऱ्या तिच्या हाताचा आवाज तेवढा घरभर. त्या आवाजाने मला जाग यायची आणि कळायचं, आज आई बोलणार. आणि खरंच, बसमध्ये पाय ठेवला की ती सुरू व्हायची. दोडक्याला फुलं किती आली असतील, अळूच्या वाफ्यात पाणी तुंबलं असेल का, शेवग्याला सुरवंट पडले की काय. बाबा खिडकीबाहेर बघत नुसतं "हो" म्हणायचे आणि हसायचे. मळ्यात पोचली की पदर खोचून सगळ्यात आधी विहिरीपाशी. तिथल्या कप्पीला तेल कितीही घातलं तरी ती करकरायचीच, आणि चाचा दरवेळी म्हणायचे, "भाभी, इसकू मेरी दुकान का रस्सा पसंद नहीं."

दुपारी पेरूच्या झाडाखाली जेवण. आमची भाकरी, यादम्माची गोंगुऱ्याची पच्चडी, म्हणजे आपल्या अंबाडीची झणझणीत चटणी, चाचींनी पाठवलेले बगारे बैंगन, आणि नरहरीकाकांच्या बायकोने, सुशीलाकाकूंनी, आणलेलं लोणचं. काकूंच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी मोठी होती, लहान मुलाएवढी. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं आणि स्वतःचं घरही नव्हतं. मालकाला जागा हवी झाली की सामान बांधायचं. प्रत्येक वेळी काकू सायकल रिक्षात ती बरणी मांडीवर घेऊन बसायच्या, कारण सामानात ठेवली तर फुटेल. एका घरात बरणी जिथे ठेवली तिथे फरशीवर तिचा गोल डाग पडायच्या आत पुढचं घर शोधायची वेळ आली, असं त्या हसत सांगायच्या. हसायच्या खऱ्या, पण सांगून झालं की लगेच उठून ताटं गोळा करायला लागायच्या.

जेवण झालं की वाटे. वाटे कुणी घालायचे याची पाळी असायची, आणि त्याला एक रीत होती. ती कुणी लावली कोण जाणे. आई म्हणायची माझ्या माहेरची, यादम्मा म्हणायची आमच्या वस्तीची, चाचा म्हणायचे हमारे यहाँ गोश्त ऐसाच बांटते. ज्याची पाळी तो सगळ्या भाजीचे चार ढीग करायचा. मोठं वांगं इकडे तर दोन छोटी तिकडे, कीड लागलेला पेरू एकाला गेला तर त्याला लिंबू जास्त. ढीग लावून झाले की बाकीच्यांपैकी एकजण त्याला विचारायचा, "कुठलाही चालेल?" आणि त्याने म्हणायचं, "कुठलाही." ते त्याच्या तोंडून आल्याशिवाय मी पहिलं नाव घ्यायचं नाही. चाचा म्हणायचे, "कोई बी चलता." यादम्मा म्हणायची, "एदैना सरे." म्हणताना माणूस जरासा अडखळला, तरी सगळे एका सुरात ओरडायचे आणि ढीग मोडून पुन्हा लावायला लागायचे. सगळ्यात जास्त वेळ काकांना लागायचा. ते वांगी उंचीप्रमाणे रांगेत लावायचे, आणि चाचा म्हणायचे, "क्या मास्टर, बैंगन कू बी पट्टी से नापते क्या?"

मी मॅट्रिकला होते तेव्हाची गोष्ट. काकांच्या जामबागेतल्या मालकाने पुन्हा जागा मागितली. त्या रविवारी काकूंनी लोणचं आणलं नव्हतं. जेवण झाल्यावर काकांनी हात धुतले, रुमालाला पुसले, रुमालाची व्यवस्थित घडी केली आणि म्हणाले, "मला माझा चौथा हिस्सा वेगळा काढून हवा आहे. मी त्यावर घर बांधीन म्हणतो." रागावण्यासारखं त्यात होतं तरी काय? माणसाने घर मागू नये का? बाबा म्हणाले, "नरहरी, बरोबर आहे तुझं," आणि पेरूची पानं बघत बसले. काका मला शाळेत भूमिती शिकवायचे, कधी छडी न उचललेला माणूस. फळ्यावर वर्तुळ काढलं की स्वतःच दोन पावलं मागे जाऊन खुशीत बघायचे. त्यांच्यावर मला रागावताही येईना आणि रडूही आवरेना.

घरी आल्यावर मी सज्ज्यात होते आणि आत आई-बाबा बोलत होते. बाबा म्हणाले, "एक तुकडा गेला तर तीन राहतात की." आई म्हणाली, "आवो, असं ऱ्हात नसतंय. एकदा दोरी पडली की कुंपण पडतंय. हीर एकाकडं जाती, वाट एकाकडं जाती. मग चाचा म्हणतील माझं इकून टाका, आन् मग तुमीबी म्हणचाल." बाबांनी "मी नाही म्हणणार" असं म्हटलं नाही. मला तेव्हा जमिनीची फिकीर नव्हती, खरं सांगते. मला आईची भीती वाटत होती. मळा गेला की ही पुन्हा भिंतीला टेकून बसेल, बोलायची थांबेल, आणि या वेळी ती बोलणारी कशी होती हे मला माहीत असेल. त्या रात्री तिने जेवायला वाढलं तेव्हा मी उगाचच तिला काहीबाही विचारत राहिले, तिने बोलावं म्हणून.

पुढच्या रविवारी आईनेच तोंड फोडलं. म्हणाली, "भावजी, तुमचा हिस्सा घ्या. कुणाची ना न्हाई. पण रीत हाय ती हाय. वाटे तुमीच घालायचे. चार वाटे करा, कुसुम पाठ फिरवून हुबी ऱ्हाईल, जो आला तो ज्याचा त्याचा." काकांचा चेहरा एकदम खुलला. "वहिनी, अहो, हे तर माझं रोजचं काम!" म्हणाले. चाचा म्हणाले, "हौ, मास्टर कू तो यहीच आता." जन्मभर पोरांना समान भाग करायला शिकवलेला माणूस, त्याला चार तुकड्यांचं काय कौतुक.

ते खुंट्या आणि चुन्याची पिशवी घेऊन आले. सुतळी चाचांच्या दुकानातली. सुतळीचा गुंडा हातात देताना चाचा म्हणाले, "देखो, मेरीच सुतली से मेरीच जमीन कटती," आणि हसले. काकांनी आधी सरळ चार पट्टे पाडले, चुन्याची पांढरी रेघ अशी सुरेख ओढली की काय सांगू. तर विहीर दुसऱ्या पट्ट्यात. यादम्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्टर, हम तीनो क्या हवा पीना?" मग काकांनी विहीर सामाईक ठेवली. मग विहिरीला जायला चौघांना वाट हवी. वाट काढली तर अळूचा वाफा दुभंगला. पेरूची झाडं सगळी एका बाजूला. ती दोघांत वाटली तर त्यांच्या वाट्याला सकाळचं ऊन नाही. खालचा भाग दलदलीचा, पावसात तिथे फक्त अळू जगायचं. आणि वर, रस्त्याच्या बाजूला, एक मोठा खडक होता, पालथ्या कढईसारखा. त्याच्या आसपास मातीचा थर एवढासा की कुदळ मारली की ठिणगी उडायची. आम्ही त्यावर मिरच्या वाळवायचो, बाकी त्याचा उपयोग काही नाही. तो ज्याच्या वाट्याला येईल त्याला काकांनी खालची जमीन थोडी जास्त दिली. मग खालच्याला पेरू जास्त. मग पेरूवाल्याला शेवगा नको. दर रविवारी आम्ही भाजी काढताना आमच्याच पायांनी रेघा पुसल्या जायच्या आणि पुढच्या रविवारी काका नव्या ओढायचे. काकू पेरूखाली बसून बघत असायच्या, आणि कधी नव्हे ते त्यांनी विणकाम आणलेलं असायचं, पण सुया हलत नसायच्या.

अखेर एका रविवारी काका म्हणाले, "झालं. याहून चांगलं माझ्याच्याने होणार नाही." सगळे उठले. मी मेंदीच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिले, मळ्याकडे पाठ करून. येताना बसमध्ये आईने मला एवढंच सांगितलं होतं, "जे तोंडात यील ते म्हण गं. इचार करून म्हणायचं नसतंय." म्हणून त्या दिवशी जे झालं ते मी पाहिलेलं नाही. ऐकलेलं आहे. पाठमोऱ्याने वळून बघायचं नाही, ही रीत मी कधी मोडली नव्हती, आणि त्या दिवशी तर माझी मान आखडून गेली होती. माझ्या समोर मेंदीची बारीक पानं आणि त्यांवर चालणारी एक मुंगळ्यांची रांग.

मागे आईचा आवाज आला. "भावजी, कुठलाही चालेल?"

काकांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता म्हणतील. एवढे रविवार राबलेला माणूस, समोर बायको बसलेली, डोक्यावर मालकाची मुदत. एक शब्द तर म्हणायचा. कप्पी वाऱ्याने जराशी हलली असावी, करकरली. यादम्माने पान थुंकलं. काका "कु" म्हणाले आणि थांबले. एरवी कुणी असं अडखळलं की आम्ही ओरडायचो ना, त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. मग काका म्हणाले, आणि आवाज त्यांचा वाटेना, "वहिनी, तो खडकाचा तुकडा मला आला तर... नाही चालणार मला. खाली कितीही जास्त दिलं तरी नाही चालणार. मग तो मी दुसऱ्या कुणाच्या पदरात कसा घालू?" पुढे म्हणाले, "याचे वाटे होत नाहीत. मला जमत नाहीत असं नाही. होतच नाहीत."

मग एक आवाज आला तो मला प्रथम कळेना. सर्र, सर्र, जमिनीवरून काहीतरी घासल्यासारखा. काका चपलेने चुन्याची रेघ पुसत होते. मग तसाच आवाज दुसरीकडून आला, मग आणखी एकीकडून. कोण कोण पुसायला लागलं होतं कोण जाणे. आणि त्यात बांगड्यांचा बारीक आवाज. सुशीलाकाकू डोळे पुसत असाव्यात. मला हसावं की रडावं कळेना. आई वाचली होती, आणि काकूंचं घर गेलं होतं, दोन्ही एकाच वेळी आणि माझ्या पाठीमागे.

"मास्टर," चाचांचा आवाज आला. "घर होना ना तुमकू?"

"होना," काका म्हणाले.

"तो वो पत्थर पे बनाओ ना. वां कुछ उगता बी नहीं. पाया खोदने की जरूरत बी नहीं, अल्लामियाँ ने पहलेच डाल के रखा."

कुणीतरी हसलं. काका म्हणाले, "पण तो तर सगळ्यांचा आहे." तेव्हा यादम्मा कडाडली, "सब का है तो तुम सब में नहीं क्या?" आणि आई म्हणाली, "भावजी, तुमी हितं ऱ्हायलात तर रातीचं कुणी वांगी चोरायचं न्हाई. आमच्यावर उपकारच हुतील. काय गं सुशीला, बोल की."

काकू म्हणाल्या, "स्वयंपाकघराची खिडकी विहिरीकडे ठेवायची. मला कप्पी ऐकू आली पाहिजे." तेव्हा आई मला म्हणाली, "कुसे, वळ आता. किती येळ हुबी ऱ्हातीस?" मी वळले. जमिनीवर चुना सगळीकडे पसरला होता, रांगोळी पुसल्यावर दिसतो तसा, आणि सगळ्यांच्या चपला पांढऱ्या. काका खडकाकडे तोंड करून उभे होते, दोन पावलं मागे जाऊन, फळ्यावर वर्तुळ काढल्यावर उभे राहायचे तसे.

त्या घरात सगळ्यांचा हात लागला. यादम्माच्या मुलांनी तिथलाच दगड फोडून भिंती रचल्या, बाबांनी अर्ज-विनंत्या करून विजेचा खांब आत आणवला, चाचांनी छपराला लागेल तेवढा दोर दिला आणि जन्मभर ऐकवला. आईने अंगण सारवलं. दोन खोल्यांचं घर, कागदावर चौघांचं, राहायला काका-काकू. वास्तूच्या दिवशी काकू सायकल रिक्षातून बरणी मांडीवर घेऊन आल्या. रिक्षावाल्याला पार उप्पलपर्यंत आणलं होतं, तो बिचारा घामाघूम. चाचांनी बरणी उचलून स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात ठेवली आणि म्हणाले, "भाभी, अब इसकू हिलाना नक्को." ती बरणी पुन्हा हलली नाही. तिच्याखाली आता गोल डाग पडला आहे, फरशीत जिरलेला, घासून न निघणारा. कुणी घासतही नाही.

आई पुढे खूप वर्षं जगली, आणि अखंड बोलत जगली. कधी कधी इतकी बोलायची की बाबा कानावर हात ठेवायचे. मला ते ऐकताना दरवेळी नरहरीकाका आठवायचे. त्यांनी त्या दिवशी "कुठलाही" म्हटलं असतं तर त्यांना कोण अडवणार होतं? शब्द ओठांवर आलेला, गरज खरी, हक्कही खरा. त्यांना फक्त थोडंसं खोटं बोलायचं होतं आणि ते त्यांना जमलं नाही. माझ्या आईचा आवाज मला शेवटपर्यंत ऐकायला मिळाला तो त्यामुळे. मी त्यांना हे एकदा म्हणून दाखवलं होतं, ते खूप थकले होते तेव्हा. ते म्हणाले, "अगं, त्यात माझं काय? खडकच वाटता येईना." आणि मला भूमितीतलं काहीतरी समजावून सांगायला लागले, जे मला शाळेतही कळलं नव्हतं.

शहर नंतर आलंच. बस संपायची ती जागा आता कुणाला ओळखू येणार नाही. मेट्रो आली, कुंपणापलीकडे पंचवीस मजल्यांच्या इमारती आल्या, आणि मळा मागायला माणसं आली, गोड बोलणारी, पेढे घेऊन येणारी. पण काकांनी हिंडत्या-फिरत्या वयातच वकिलाकडे बसून सगळं पक्कं करून ठेवलं होतं, चौघांच्याही सह्यांनी. पिकवायचा हक्क सगळ्यांना, विकायचा कुणालाच नाही, आणि नवीन माणूस राबायला आला तर त्यालाही वाटा. वकील म्हणाला होता, अहो, हिस्से तर लिहा. काका म्हणाले, "ते होत नाहीत, आम्ही करून पाहिलेत." आता त्याच इमारतींतून लोक रविवारी येतात. कुणी पुण्याचं, कुणी मुंबईचं, आयटीतले, पांढरे बूट घालून, आणि जाताना ते बूट हातात घेऊन. गौसचाचांचा नातू खताचा खड्डा बघतो, यादम्माची सून तिच्याच आवाजात सगळ्यांना झापते. कप्पीच्या जागी मोटर आली तरी विहिरीवर कप्पी ठेवली आहे, काकूंच्या खिडकीसाठी. काका-काकू गेले, त्यांच्या घरात आता बी-बियाणं आणि अवजारं असतात, आणि बरणी. दर उन्हाळ्यात आम्ही तिच्यात लोणचं घालतो, कोनाड्यातून न हलवता, स्टुलावर चढून. हे सगळं मला असंच मिळालं, मी काही न करता, नुसती पाठ करून उभी राहून. माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

मागच्या रविवारी वाटे घालायची पाळी ईशाची होती. मी कुंपणाशी उभी होते. मागे नवीन आवाज होते, पुण्याहून आलेलं एक जोडपं पहिल्यांदाच आलं होतं आणि त्या मुलीला कुणीतरी रीत समजावून सांगितली असावी, कारण तीच जरा लाजत म्हणाली, "कुठलाही चालेल?" मी उत्तराची वाट पाहत होते. ईशा बोलेना. मेंदीवर मुंगळे होतेच, त्यांना कुठे जायचंय. मग मला मागे हलका धप्प आवाज आला, मग आणखी एक. एका ढिगातलं वांगं काढून तिने दुसऱ्यात ठेवलं असणार, आणि बदल्यात दुसरं काहीतरी इकडे. फोनमध्ये डोकं घालून बसणारी पोर ही.

"कुठलाही," ईशा म्हणाली.

"हा कुणाचा?"

पहिलं नाव मी विचार न करता घेते, आणि ते दरवेळी तेच असतं. "नरहरीकाकांचा."

ती पुण्याची मुलगी इकडेतिकडे बघत असणार. म्हणाली, "ते कुठे आहेत?"

"त्यांचा वाटा पहिल्यांदा येणाऱ्याचा असतो," ईशा म्हणाली. "उचला, तुमचाच आहे."